खूण सांग

तिकडं सकाळचे सात, इकडं संध्याकाळचे साडेसहा.
मार्केट यार्डातला सौदा दुपारीच उरकलेला,
माझ्या नखांत मात्र अजून हळद.
फोन वाजतो. मिनेसोटाहून जिनदत्त :
"अक्का, खिडकीत पाखरू आलंय एक."

मी पुस्तक उघडते. त्यानंच पाठवलेलं,
वजन बाराशे ग्रॅम
(दुकानाच्या काट्यावर तोलून पाहिलं होतं).
आत तिकडचे पक्षी, पानापानावर.
चार-दोन सोडले तर त्यातला एकही
आयर्विन पुलावरून कधी उडालेला नाही.

"कसं आहे?"
"काळंपांढरं. खोडाला ठोकतंय."
"रंगावर जाऊ नको. खूण सांग."

हे आप्पांचं बोलणं.
आप्पा हळकुंड कानाशी धरून मोडायचे,
खट्कन आवाज आला तरच भाव काढायचे.
पिवळं काय, सगळंच असतंय, म्हणायचे.

"चोच केवढी?"
"चोचीएवढी."
"दत्तू, नीट बघ. डोक्याच्या निम्मी, का डोक्याएवढी?"
तो बघतो. त्याचं बघणं मला ऐकू येतं,
काचेला कपाळ टेकल्याचा बारीक आवाज.
"निम्मी."
"मग डाउनी. चोच लांब असती तर हेअरी.
कपडे सारखे, म्हणून भाऊ वाटतात. नाहीत."

असे अकरा हिवाळे.
डोळ्याभोवती कडं आहे का.
पंखावर पट्टी एक का दोन.
छातीवरच्या रेघा मधोमध येऊन ठिपका होतो का.
उडताना कमरेवर पिवळं दिसलं का,
लोण्याच्या गोळ्याएवढं?
एकदा बर्फावर राखी असं काहीतरी,
उडालं तेव्हा शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या,
धोतराच्या काठासारख्या.
"जंको," मी पान न उघडता म्हटलं.
मागून त्याच्या बायकोनं विचारलं,
तुझी बहीण इथं कधी राहून गेली?

मी पुण्याच्या पुढं गेलेली नाही.

गेल्या माघात हरिपूरला गेले होते,
वखारीतली पोती मोजायला.
काम लवकर संपलं, म्हणून संगमावर उतरले.
पाण्यालगत दगडावर एक पाखरू.
उड्या मारत नव्हतं, चालत होतं,
कुणी बोलावल्यासारखं भरभर.
पाठ काळी. डोकं काळं. भुवई पांढरी, ठसठशीत.
पंखावर पट्टी एक, रुंद.
पोट पांढरं.
सगळ्या खुणा टिपल्या पावतीच्या पाठीवर,
घरी येऊन पुस्तक दोनदा चाळलं,
पहिल्या पानापासून, मग शेवटून.
नाही.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर हमालाला विचारलं.
त्यानं पाठीवरचं पोतंही खाली ठेवलं नाही.
"ते व्हय? परीट.
शेपूट आपटतंय बघा, धुणं आपटल्यागत.
हितंच असतंय की बारा महिने."

बारा महिने.
आणि मी बावन्न वर्षांची.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा म्हटलं,
"थांब. आज मी सांगते, तू ओळख.
काळी पाठ, पांढरी भुवई, नदीकाठ."
तिकडं चमचा कपात फिरायचा थांबला.
शाळेतनं परस्पर पोहायला पळायचा तो.
मी दुकानात बसायचे, आप्पांच्या वहीवर.

"शेपटी हलवतो? वरखाली?"
"हो."
"परीट."
पान नाही, पट्ट्या नाहीत, कडं नाही.
एका दमात.

मग बराच वेळ काही नाही.
त्याच्या खिडकीबाहेर ठकठक चालू,
निम्म्या चोचीची.
मी विचारणार होते, आज कोण आलंय.
तेवढ्यात त्यानंच विचारलं, हलक्या आवाजात,
जसं आम्ही लहानपणी आप्पा झोपल्यावर बोलायचो :

"कुठल्या दगडावर, अक्का?"